यंत्राची थरथर मोजा, मग हातोडा उचला

खरिपाचा धान बाजारात आला की गोंदिया, आमगाव, गोरेगाव, अर्जुनी मोरगावकडच्या राईस मिलांना रात्रंदिवस चालावे लागते. वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा या काही महिन्यांतच ठरतो. नेमक्या त्याच काळात ब्लोअरचे बेअरिंग जाते, एलिव्हेटरचा शाफ्ट तुटतो किंवा पॉलिशरची मोटार जळते. मिल थांबते, हमाल बसून राहतात, धानाच्या गाड्या दारात उभ्या राहतात. मग मालक फिटरला दोष देतो, फिटर वाइंडरला आणि वाइंडर बेअरिंगच्या दुकानदाराला. दोष नेमका कोणाचा, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. कारण बिघडण्यापूर्वी ते यंत्र कसे चालत होते, याची नोंद कोणाकडेच नसते.

या पानाच्या वाचकांपैकी अनेकांचा रोजगार याच साखळीत आहे. कोणी मोटार वाइंडिंग करतो, कोणाचा लेथ आहे, कोणी वेल्डर, कोणी मिलचा मिस्त्री, तर कोणाचे बेअरिंग आणि पट्ट्यांचे दुकान आहे. या सर्वांना आमचे एकच सांगणे आहे. फिरणाऱ्या यंत्राची थरथर हातात मावेल अशा मीटरने मोजणे आणि तो आकडा वहीत लिहून ठेवणे, हा आता मोठ्या कारखान्यांचा चोचला राहिलेला नाही. जो कारागीर हे शिकेल त्याचे काम टिकेल. जो शिकणार नाही, तो केवळ सुटे भाग बदलणारा मजूर म्हणून उरेल.

यंत्र अगोदर सांगते

फिरणारे यंत्र सहसा एकाएकी मोडत नाही. बोल्ट ढिला होतो, पुली थोडी सरकते, पंख्याचे एक पाते झिजते, आणि त्या दिवसापासून यंत्राची थरथर वाढू लागते. पुढे ती थरथर बेअरिंग खाते, बेअरिंग शाफ्ट खाते आणि शेवटी मोटारीवर ताण येतो. सुरुवात आणि शेवट यांत बहुधा काही आठवडे, कधी काही महिने जातात. हा मधला काळ फुकट घालवायचा की वापरायचा, एवढाच प्रश्न आहे.

याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. तेथे ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत. एवढ्या आकाराच्या टर्बाईनचा शाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेतो. अशा टर्बाईनच्या प्रत्येक बेअरिंगपाशी थरथर मोजणारे यंत्र कायमचे बसवलेले असते आणि आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की संच बंद करण्याची व्यवस्था असते. तिरोड्याच्या टर्बाईनला जो नियम लागू आहे तोच गोंदियाच्या मिलमधल्या ब्लोअरलाही लागू आहे. फरक इतकाच, की तिकडे कोणीतरी सतत मोजत असते आणि इकडे कोणी मोजत नाही.

५० ग्रॅमचे ३५ किलो

मिलमधल्या तूस ओढणाऱ्या ब्लोअरचेच उदाहरण घेऊ. समजा पंख्याचा व्यास ६० सेंटिमीटर आहे आणि तो मिनिटाला १४४० फेरे घेतो. त्याच्या कडेला एका बाजूस केवळ ५० ग्रॅम घाण चिकटली, किंवा तेवढेच लोखंड झिजून गेले, तर शाफ्टवर सुमारे ३५ किलो वजनाएवढी ओढ बसते. ही ओढ एका जागी थांबत नाही. शाफ्टबरोबर ती फिरते आणि तासाला ८६,४०० वेळा बेअरिंगला चहूबाजूंनी ठोकते. ओढ जास्त मिळावी म्हणून अनेक ठिकाणी पुली बदलून ब्लोअरचा वेग वाढवतात. वेग सव्वापट केला तर हा मार दीडपटीहून अधिक होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

धानाच्या तुसात सिलिका भरपूर असते. ती वाळूसारखी पाती घासते आणि सगळी पाती सारखी झिजत नाहीत. मग एका पात्याला भोक पडले की वेल्डर त्यावर पट्टी जोडून देतो. पट्टी मजबूत बसते, पण पंख्याचा तोल जातो. पंधरा दिवसांनी बेअरिंग गेले की खापर बेअरिंगवर फुटते. वेल्डिंग वाईट नव्हते, बेअरिंगही खोटे नव्हते. समोरच्या पात्यावर तेवढेच वजन द्यायचे राहून गेले होते. वेल्डिंगनंतर दोन मिनिटे मीटर लावले असते तर ही गोष्ट तेथेच उघड झाली असती.

काय आणि कोठे मोजायचे

साधे व्हायब्रेशन मीटर थरथरीचा वेग दाखवते. त्याचे माप मिलिमीटर प्रति सेकंद हे आहे. मीटरचे टोक पत्र्यावर किंवा गार्डवर न टेकवता बेअरिंगच्या घरावर टेकवावे. प्रत्येक बेअरिंगवर तीन आकडे घ्यावेत : आडवा, उभा आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेने. जेथे मोजले तेथे रंगाचा ठिपका द्यावा आणि पुढच्या वेळी त्याच ठिपक्यावर मोजावे. मिल रिकामी असताना घेतलेल्या आकड्याची तुलना भरल्या मिलच्या आकड्याशी करू नये. पट्टा व पुलीजवळ काम करताना सैल बाह्या, गळ्यातला रुमाल आणि घाई या तीन गोष्टी दूर ठेवाव्यात.

आकडा किती असावा, यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. या प्रकारच्या तक्त्याची सुरुवात १९३९ मध्ये अमेरिकेतील टी. सी. रॅथबोन या अभियंत्याने केली. त्यांचा संबंध यंत्रांच्या विम्याशी होता. यंत्र मोडले की भरपाई विमा कंपनीला द्यावी लागे, म्हणून ते केव्हा मोडणार हे आधी ओळखण्याची गरजही तिलाच अधिक होती. पुढे आयएसओने १९९५ मध्ये १०८१६ क्रमांकाचे मानक काढले. आता त्याची जागा २०८१६ या मालिकेने घेतली आहे, पण लहान यंत्रांसाठी जुन्या तक्त्यातील आकडे अंदाज म्हणून आजही उपयोगी पडतात.

ते असे आहेत. साधारण २० अश्वशक्तीपर्यंतच्या मोटारीला ०.७१ पर्यंतचा आकडा उत्तम, १.८ पर्यंत चालण्यासारखा, ४.५ पर्यंत दुरुस्तीची वेळ आल्याचे दाखवणारा आणि त्यावर धोक्याचा. २० ते १०० अश्वशक्तीच्या मोटारीला हेच टप्पे १.१२, २.८ आणि ७.१ असे आहेत. मिलमधली सगळी यंत्रे या तक्त्यात बसत नाहीत. डीस्टोनर, चाळणी आणि पॅडी सेपरेटर ही यंत्रे हलण्यासाठीच बनवलेली आहेत. त्यांच्या हलणाऱ्या भागावर मीटर लावून घाबरून जाऊ नये. त्यांच्या मोटारीचे आकडे तेवढे पाहावेत.

तक्त्यापेक्षाही आपली वही महत्त्वाची आहे. एखादा ब्लोअर पहिल्या दिवसापासून ३ वर चालत असेल आणि वर्षभर ३ वरच राहिला, तर झोप उडण्याचे कारण नाही. दुसरा १ वर चालत होता आणि महिनाभरात २ वर आला, तर तो तक्त्यात अजून बरा दिसत असला तरी त्याला काहीतरी झाले आहे, हे निश्चित समजावे.

थरथरीची जात ओळखावी

साधे मीटर केवळ एक आकडा देते, कारण सांगत नाही. तरीही जाणत्या मिस्त्रीला त्या एका आकड्यावरून बरेच काही काढता येते.

आडव्या-उभ्या दिशेचा आकडा मोठा आणि लांबीच्या दिशेचा लहान असेल, तर पहिला संशय तोल बिघडल्याचा घ्यावा. लांबीच्या दिशेचा आकडाही मोठा असेल, तर कपलिंग किंवा पुली एका रेषेत नाही असे समजून दोरी आणि पट्टी हातात घ्यावी. मोटारीच्या पायावर एक आकडा आणि लगेच खाली चौकटीवर अगदीच वेगळा आकडा येत असेल, तर मधला बोल्ट ढिला आहे किंवा पाया तडकला आहे. चालू मोटारीचा वीजपुरवठा तोडताच थरथर तत्क्षणी नाहीशी झाली, तर दोष विजेच्या बाजूचा असतो. फेरे कमी होत जातील तशी ती हळूहळू उतरली, तर दोष यंत्राच्या बाजूचा. पट्टा काढून मोटार एकटी चालवली आणि ती शांत फिरली, तर मोटार खोलण्याचे कारण उरत नाही.

वेग दाखवणाऱ्या मीटरला बेअरिंगची अगदी सुरुवातीची खराबी मात्र कळत नाही, कारण तिचे कंप फार बारीक आणि फार जलद असतात. त्यासाठी मीटरमध्ये त्वरण मोजण्याची सोय असावी लागते. घेताना ते विचारून घ्यावे. मोबाईल फोनवरही थरथर दाखवणारे प्रोग्राम मिळतात. १४४० फेऱ्यांचा बिघडलेला तोल, म्हणजे सेकंदाला २४ ठोके, फोनला साधारण पकडता येतो. बेअरिंगचे जलद ठोके सामान्य फोनच्या आवाक्याबाहेर असतात. सवय लागण्यासाठी फोन ठीक आहे, पण त्याच्या भरवशावर गिऱ्हाइकाला शब्द देऊ नये.

पंख्याचा तोल जागेवरच दुरुस्त करण्याची एक रीतही साध्या मीटरने साधते. आधी ब्लोअर चालवून आकडा लिहावा. मग थांबवून पंख्यावर, एकमेकांपासून सारख्या अंतरावरच्या तीन जागी, तेच लहानसे वजन पाळीपाळीने घट्ट बोल्टने बसवावे आणि प्रत्येक वेळी आकडा घ्यावा. कागदावर पहिल्या आकड्याच्या त्रिज्येचे वर्तुळ काढावे. त्या वर्तुळावरच्या तीन जागांना केंद्र मानून बाकीच्या तीन आकड्यांची वर्तुळे काढावीत. ती एकमेकांना जेथे छेदतात, ती दिशा कायमच्या वजनाची. केंद्रापासून त्या छेदापर्यंतचे अंतर मोजावे. पहिल्या आकड्याला त्या अंतराने भागून चाचणीच्या वजनाने गुणले की किती वजन लावायचे ते निघते. चार वेळा चालवणे, एक कंपास आणि एक कागद, एवढेच सामान लागते. लेथवर काम करणाऱ्या कोणत्याही कारागिराला हे एका दुपारी शिकता येईल.

वाइंडरची फुकटची बदनामी

आमच्या मते या सगळ्याचा सर्वांत मोठा फायदा मोटार वाइंडरला आहे. जळालेली मोटार त्याच्याकडे येते. तो तांबे बदलतो, बेअरिंग बदलतो आणि मोटार परत पाठवतो. पण मोटार ज्या कारणाने जळाली ते कारण मिलमध्येच बसून असते. पुली वाकडी असते, ब्लोअर तोल सोडून फिरत असतो, किंवा पट्टा हौसेने आवळलेला असतो. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर त्याचे आयुष्य निम्मे नव्हे, आठव्या हिश्श्यावर येते. पट्टा जास्त ताणणाऱ्याला हे ठाऊक नसते. दोन महिन्यांनी मोटार पुन्हा जळते आणि गावभर बोलबाला होतो, की अमुक उस्तादाचे काम कच्चे आहे.

वाइंडरने मोटार दुकानात रिकामी चालवून आकडा घ्यावा आणि बिलावर लिहून द्यावा. मिलमध्ये बसवल्यावर पुन्हा घ्यावा. दुकानात ०.८ आणि मिलमध्ये ५ आला, तर मोटारीचा दोष नाही हे मालकाच्या डोळ्यांसमोर सिद्ध होते. हीच गोष्ट बेअरिंगच्या दुकानदाराला लागू आहे. बाजारात नकली बेअरिंग येतात हे खरे, पण प्रत्येक गेलेले बेअरिंग नकली नसते. आकडा लिहिलेला असेल तर खऱ्या व्यापाऱ्याला हुज्जत घालावी लागत नाही, आणि खोटा माल विकणाराही फार काळ लपत नाही.

'आम्हाला कानाने कळते'

यावर जुने मिस्त्री म्हणतील की आम्ही स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बेअरिंग ओळखतो, आम्हाला मीटर कशाला? त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. चांगल्या मिस्त्रीचा कान हे मोठे हुनर आहे, आणि आवाजाचा जो खरखरीतपणा त्याला ऐकू येतो तो स्वस्त मीटरला कधी कधी दिसत नाही. पण कानाला तीन अडचणी आहेत. मागच्या महिन्यात आवाज किती होता, हे कान नेमके सांगू शकत नाही. एकाचा कान दुसऱ्याला उसना देता येत नाही. आणि वर्षानुवर्षे मिलच्या गोंगाटात काम करून तो कानच कमी ऐकू लागतो. मीटरचा आकडा शागिर्दाला वाचता येतो, मालकाला दाखवता येतो आणि पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडता येतो. कान आणि मीटर या दोहोंचा उपयोग करणारा मिस्त्री केवळ मीटरवाल्या इंजिनिअरपेक्षाही सरस ठरेल.

आज नव्या स्वयंचलित मिलांबरोबर कंपनीचे सर्व्हिस इंजिनिअर येतात. नागपूर सुमारे १३० किलोमीटरवर आहे, आणि मिलमालक गाडीभाडे देऊन तेथून माणूस बोलावतो. का? त्या माणसाच्या हातात उपकरण असते आणि तो कागदावर अहवाल देतो. अहवालात जे असते त्यातले बरेचसे गावच्या मिस्त्रीला आधीच ठाऊक असते. त्याने ते मोजून आणि लिहून दिलेले नसते, एवढेच.

मोजून गप्प बसणाऱ्यांसाठी

नुसते मोजून भागत नाही. रशियात येनिसेई नदीवर सायानो-शुशेन्स्काया हे प्रचंड जलविद्युत केंद्र आहे. १७ ऑगस्ट २००९ रोजी तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या संचाचे झाकण उखडले गेले, पाणी यंत्रघरात घुसले आणि ७५ माणसे मेली. चौकशीत दिसून आले की झाकण धरून ठेवणारे बोल्ट थकून कमकुवत झाले होते आणि संचाची थरथर अपघातापूर्वीच मर्यादेबाहेर गेली होती. तरीही संच चालूच ठेवला गेला. आपल्या मिलमध्ये असे अरिष्ट येणार नाही, पण वेगात फुटलेल्या पंख्याचे पाते पत्रा फाडून बाहेर येऊ शकते आणि त्याच्या वाटेत कोणीतरी हमाल उभा असतो. म्हणून लाल आकडा दिसला की हंगाम असो वा नसो, यंत्र थांबवण्याचा अधिकार मिस्त्रीला असला पाहिजे. हा अधिकार मालकाने हंगाम सुरू होण्याआधी, शांत डोक्याने द्यावा. गाड्या दारात उभ्या असताना तो कोणी देत नाही.

खर्च कोणी करायचा ?

साधे मीटर काही हजार रुपयांपासून मिळते; चांगल्या बनावटीचे आणि थरथरीची फोड करून दाखवणारे बरेच महाग असते. एकट्या मिस्त्रीला जड वाटत असेल तर चार-पाच कारागिरांनी मिळून एक घ्यावे. बेअरिंगच्या दुकानदाराने एक मीटर ठेवून ते नेहमीच्या गिऱ्हाइकांना वापरायला दिले, तर त्याचा मालही विश्वासाने विकला जाईल. गोंदियाच्या आयटीआयने व शासकीय तंत्रनिकेतनाने हंगामापूर्वी दोन-तीन दिवसांचा वर्ग घ्यावा, अशी मागणी मिलमालक आणि कारागीर यांनी एकत्र येऊन करावी. शिकलेल्या तरुणांसाठी ही वाट आणखी पुढे जाते. आयएसओ १८४३६-२ या मानकानुसार कंपन-तपासनीसाच्या चार श्रेणी असतात, आणि वीज केंद्रे, सिमेंट व पोलाद कारखाने यांना असे लोक लागतात.

मिलमालकांनाही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आजवर ते मिस्त्रीला यंत्र मोडल्यावरच पैसे देत आले आहेत. त्यामुळे यंत्र न मोडण्यात मिस्त्रीचा काहीच फायदा राहिला नाही. महिन्यातून एकदा सगळ्या मोटारी, ब्लोअर आणि एलिव्हेटर मोजून वहीत लिहिण्याची ठरावीक मजुरी त्यांनी बांधून द्यावी. सरकारी धानाची भरडाई करणाऱ्या मालकाला तांदूळ ठरलेल्या उताऱ्याने, अरव्याचा शेकडा ६७ आणि उसन्याचा शेकडा ६८, जमा करावाच लागतो. यंत्र थांबले म्हणून त्याचा हिशेब थांबत नाही. हंगामातली एक दिवसाची बंदी आणि वर्षभराची मोजणीची मजुरी यांचा हिशेब ज्याने त्याने आपल्या खतावणीत मांडून पाहावा.

सुरुवात मोठी करण्याची गरज नाही. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक मिस्त्रीने आपल्या हाताखालच्या एकाच मिलमधील एकच ब्लोअर निवडावा, त्याच्या दोन बेअरिंगवर रंगाचे ठिपके द्यावेत आणि सहा आकडे तारखेसह लिहावेत. पुढच्या महिन्यात त्याच जागी पुन्हा मोजावे. दोन पानांची ती नोंद पाहून मालक पुढच्या यंत्राचे स्वतःहून विचारील.